ब्रेकला एकदा, उठताना एकदा

गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून वही काढली आणि माझ्या पोटात गोळा आला. किराणा दुकानात उधारी मांडायला असते तसली, लाल पुठ्ठ्याची लहान वही. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस गॅरेजच्या दारात उभा राहून स्वतःची वही उघडायला लागला, की समोरच्यानं नापास व्हायची तयारी ठेवावी.

"मिस्त्री, मी वाचतो. तुम्ही नुसतं ऐका," ते म्हणाले.

त्यांची मारुती ८००, पांढरी, १९९८ ची, एमएच-०९ पासिंगची. त्या वर्षात ती माझ्याकडं तिसऱ्यांदा आली होती, आणि तिन्ही वेळा एकाच तक्रारीसाठी. जुलैत ते आले ते "पुढचे शॉकअप गेलेत, बदलून टाका" असं म्हणतच. मी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, गाडी दोनदा डुलली. डाव्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला. गिऱ्हाईक म्हणतंय शॉकअप, तेल म्हणतंय शॉकअप, मग आपण कशाला वेगळं म्हणा? उद्यमनगरातून जोडी आणली, बसवली, पैसे घेतले. ऑगस्टात ते परत आले. "खड्ड्यात गाडी आता झकास बसते, पण टक वाजायचं ते वाजतंच." मी डिस्क पॅड काढून साफ केले, पिनांना ग्रीस लावलं, क्लिपा नव्या टाकल्या आणि "आता नाही वाजायचं" असं ठोकून दिलं. आता डिसेंबर उजाडला होता. राधानगरी रोडला उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत होते, रस्त्याची कड सगळी खाल्ली गेली होती, आणि गुरुजी वही घेऊन उभे होते.

वहीत लिहिलेलं मला अजून जवळजवळ पाठ आहे. "सकाळी मागे घेऊन पुढे निघताना : एकदा टक. फाट्यावरचा स्पीडब्रेकर, सावकाश : आवाज नाही. सपाट डांबरावर ब्रेक : एकदा टक. ब्रेक सोडून गाडी उचलताना : पुन्हा एकदा. हे दर वेळी. पुतण्याला शेजारी बसवले : मला आवाज डाव्या पायाखाली वाटतो, पुतण्या म्हणतो उजवीकडे."

शेवटची ओळ वाचताना ते जरा थांबले. "पुतण्याचं सोडा," म्हणाले, "त्याला शाळेतही डावं-उजवं कळत नव्हतं."

मला हसू आलं नाही, कारण 'दर वेळी' या दोन शब्दांत माझी ऑगस्टातली चूक सापडली होती. ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये सैल असतील, तर ते दिशा बदलल्यावर वाजतात. गाडी मागे घेतली, मग पुढे येऊन पहिला ब्रेक मारला की पॅड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकतात आणि एकदा वाजतात. त्यानंतर पुढं जात कितीही ब्रेक मारा, ते तिथंच टेकून बसलेले असतात, गप्प. इथं मात्र ब्रेक मारला की टक, सोडून रेस दिली की टक. म्हणजे ब्रेकला काहीतरी मागे ढकललं जात होतं आणि गाडी उचलताना पुढे ओढलं जात होतं. आणि शॉकअपचा तर यात काही संबंधच नव्हता. शॉकअप म्हणजे स्प्रिंगची उसळी जिरवणारी गोष्ट. तो मेला तर गाडी डुलते, टायरवर जागोजागी खळगे पडतात, खराब रस्त्याला चाक थयथयतं. सपाट डांबरावर ब्रेक मारला म्हणून तो टक करत नाही. हे मला जुलैतही माहीत होतं. फरक इतकाच, की जुलैत मी आवाजाबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता. त्यांनी पार्टचं नाव सांगितलं आणि मी ते ऑर्डर घेतल्यासारखं लिहून घेतलं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दुखणं सांगत नाही, औषधाचं नाव सांगतं. 'शॉकअप गेलेत', 'बेरिंग गेलंय', 'रॅक वाजतोय'. कुणीतरी पानपट्टीवर सांगितलेलं असतं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद असलं काही ऐकूनच घ्यायचे नाहीत. "तू कशाला सांगतोस काय गेलंय? कवा वाजतंय त्येवढं सांग," असं म्हणून ते गाडीत मागच्या सीटवर बसायचे. काचा खाली, टेप बंद, डबा-किल्ल्या-देवाच्या घंट्या सगळं बाहेर काढून ठेवायचं, आणि मालकालाच गाडी चालवायला लावायची. मी तेव्हा नुकताच कळंब्याच्या आयटीआयतून मोटार मेकॅनिक होऊन आलेलो. मला वाटायचं, म्हातारा उगीच वेळ घालवतोय. त्यांचा हात पद्मिनी आणि अॅम्बेसेडरवर बसलेला. पद्मिनीला पुढं वर-खाली दोन आर्म, मधे स्प्रिंग, अॅम्बेसेडरला लांबलचक टॉर्शन बार, आणि दोन्हींना जिथं-तिथं ग्रीसचे निपल. आठवड्याला ग्रीस गन चालवली नाही तर गाडीनं कण्हायलाच पाहिजे. त्या कण्हण्यावरून कोणता सांधा कोरडा पडलाय ते वस्ताद सांगायचे.

मारुतीला हे सगळं नाही. तिला पुढं मॅकफर्सन स्ट्रट. फोर्डमधल्या अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावानं ओळखली जाणारी ही रचना १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर गाड्यांना बसली आणि पुढं जगभरातल्या लहान गाड्यांनी उचलली. वरचा आर्म गायब. शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एक उभा खांब, तोच वरून चाक धरतो. खाली एक आर्म. जागा वाचते, वजन वाचतं, पैसा वाचतो. पण सांधे कमी झाले म्हणजे कामं कमी होत नाहीत, एकेका सांध्यावर दोन-दोन कामं येतात. मारुती ८०० चा लोअर आर्म आतल्या बाजूला एकाच बोल्टवर टांगलेला असतो. तो चाकाला आत-बाहेर सरकू देत नाही, पण एकाच बोल्टवरचा आर्म पुढं-मागं कसा धरणार? ते काम करतो बॅलन्स रॉड. नावानं तो वळणावर गाडी झुकू न देणारा रॉड, पण त्याचं टोक रबरी बुशांतून लोअर आर्ममध्ये घुसवून नट आवळलेला असतो, आणि ब्रेक मारल्यावर चाकाला मागे जाण्यापासून तोच थोपवतो.

हे मी गुरुजींना मडगार्डवर बोटानं रेघा मारून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे एकशिक्षकी शाळा म्हणा की. नेमणूक शिकवायला, आणि करायची जनगणना." मला याहून बरं कधी सांगता आलं नसतं. आता मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो.

मग ऑगस्टात करायला हवं होतं ते केलं. गाडी सपाट फरशीवर उभी केली. माझ्याकडचं पोरगं स्टिअरिंगवर बसवलं आणि मी डाव्या चाकाशेजारी उकिडवा बसलो. "पहिला टाक, हात-दीड हात पुढं घे, ब्रेक. आता रिव्हर्स. ब्रेक." चाकाच्या मागची मडगार्डची कड आणि टायर यांच्या मधल्या फटीत माझी तर्जनी सहज जात होती. पोरानं ब्रेक मारला आणि टायर बोटाला येऊन टेकला. रिव्हर्सला लांब गेला. परत पुढं, परत टेकला. अख्खं चाक बोटभर पुढं-मागं झोके घेत होतं आणि दर झोक्याला खालून टक ऐकू येत होतं. मी गुरुजींनाही बसवून दाखवलं. धोतर सावरत ते बसले, बघितलं, उठले आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायची हिंमत झाली नाही.

उजवीकडंही तोच प्रयोग केला. तिकडं हालचाल होती, पण थोडी. आवाज मात्र पत्र्यातून कुठूनही कुठं जातो. पुतण्याला उजवीकडून ऐकू आला असेल तर त्यात त्याचा दोष नाही, हेही मी सांगितलं. गुरुजींनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मग जॅक लावला, खाली लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, हा माझ्या गॅरेजचा एकमेव कायदा आहे. चाक वर-खाली धरून हलवलं, प्ले लागला. पोराला म्हटलं ब्रेक दाबून धर. प्ले तसाच राहिला. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर बेरिंगकडं बघायचं. राहिला म्हणजे लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटला होता आणि आतलं ग्रीस मातीबरोबर मळून काळी चटणी झाली होती. चाक डावी-उजवीकडं धरून हलवलं तेव्हा टाय रॉड एंडही किंचित बोलला. टायरवर तळवा फिरवला : बाहेरून आत गुळगुळीत, आतून बाहेर करवतीसारखा खरखरीत. चाकं तिरकी चालल्याची ही सही. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते.

शेवटी टॉमी घालून लोअर आर्मचा आतला सांधा उचकटला. बुशाचं रबर लोखंडापासून सुटलं होतं. आणि बॅलन्स रॉडचे बुश? हाताला आले तेव्हा ते रबर नव्हतंच. बोटांनी दाबलं तर खव्यासारखं चेपलं, आणि बोटं काळी झाली. वयानं म्हातारं झालेलं रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात. हे फुगून मऊ झालं होतं.

"गुरुजी, पावसाळ्याआधी गाडीला खालून तेल मारून घेता काय?"

"दर वर्षी. डिझेल आणि जळकं ऑइल. गंज लागत नाही. पहिल्यापासून."

आता यात त्यांना काय बोलावं? आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय, आणि पत्र्यासाठी ते खोटंही नाही. सव्वीस वर्षांच्या गाडीचा फ्लोअर मी टोचून बघितला, पत्रा खणखणीत होता. पण खनिज तेल रबर खातं. हळूहळू, दर जूनला एकेक घास. वस्तादांच्या काळात गाडीच्या अंगाला तेल लागणं म्हणजे पुण्याचं काम, आणि मीही सुरुवातीला करकरणाऱ्या रबरी बुशावर ग्रीस फासून गिऱ्हाईक खूश केलेलं आहे. दोन दिवस आवाज बंद, दोन वर्षांनी बुश बाद. त्या काळातल्या माझ्या गिऱ्हाइकांना हे वाचायला मिळू नये.

२०१४ ला ८०० बंद झाली तरी तिचे पार्ट अजून मिळतात. अडचण मिळण्याची नाही, निवडण्याची आहे. एकाच खोक्यात बसतील असे दोन आर्म, एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी. स्वस्तातला बॉल जॉइंट हातात घेऊन अंगठ्यानं हलवून बघा, नवा असूनही सैल फिरतो. मी बॉल जॉइंटसकट दोन्ही बाजूंचे आर्म घेतले, बॅलन्स रॉडचे सगळे बुश, दोन टाय रॉड एंड. उजवा आर्म अजून वर्षभर चालला असता. पण एका बाजूला नवं रबर आणि दुसऱ्या बाजूला फुगलेलं, असं ठेवलं की गाडी ब्रेकला एकीकडं ओढायला लागते, आणि मग चौथी फेरी.

काम तसं दिवसाचं नाही. पण एक बोल्ट असा असतो जो अख्खा दिवस खातो. बॉल जॉइंटची पिन नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या ठोकळ्यात, जिथं घुसते तिथं ती एका आडव्या बोल्टनं आवळलेली असते. तो बोल्ट पिनीच्या खाचेतून जातो, म्हणून नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. गंमत म्हणजे डिझेल-ऑइलचा फवारा सगळीकडं पोचला होता, तिथं सोडून. गंज खाऊन बोल्ट आणि नकल एकजीव झालेले. पोरगं पान्यावर पाइप चढवून लोंबकळायच्या बेतात होतं; त्याला थांबवलं. असल्या बोल्टाचं डोकं तुटलं की मग ड्रिल, टॅप, शेवटी उद्यमनगरातला टर्नर, आणि दोन दिवस गेले. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी वस्तादांची युक्ती केली : आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. आवळताना 'टिक्' असा बारीक आवाज येतो. तो आला की गंजाचा धर सुटला. आला. मग पाव फेरा पुढं, पाव मागं, थोडं तेल, असं करत वीस मिनिटांत बोल्ट हातात. तो बाहेर आल्यावर पोरगं माझ्याकडं असं बघत होतं, जणू मी गारुड्याची पुंगी वाजवली.

टाय रॉड एंडला मात्र मंत्र लागत नाही, हातोडा लागतो. कॉटर पिन काढायची, नट सैल करायचा आणि पिनीवर नाही तर ज्या डोळ्यात ती बसलीय त्याच्या बाजूवर दोन नेमके ठोके. निमुळती पिन आपोआप सुटते. पिनीच्या टोकावर मारणारे आटे चेपून ठेवतात. नकल मोकळा झाल्यावर तो बाहेर लोंबू द्यायचा नाही, तारेनं बांधून ठेवायचा. नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट आतून ओढला जातो आणि गिअरचं तेल फरशीवर.

नवे आर्म चढले, बॅलन्स रॉड बसला. पोरगं आतल्या बोल्टला जोर द्यायला लागलं. मी म्हटलं, "नुसता टेकव. आवळायचा नाही."

"का ओ?"

हा 'का' मला दहा वर्षं कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता. गाडी वर टांगलेली, चाक खाली लोंबतंय, बोल्ट दणकून आवळ, जॅक सोड, गाडी बाहेर : असंच मी शेकडो आर्म बसवले. मग एकदा सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स हाताला लागली आणि त्यात एक ओळ होती : बोल्टांची शेवटची आवळणी गाडी जमिनीवर असताना. बुश बेरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी, बाहेरची नळी आणि मधे चिकटवलेलं रबर. आर्म हलला की रबर पिळवटतं आणि परत सरळ होतं. लोंबत्या चाकावर बोल्ट आवळला, की ती लोंबती अवस्थाच रबराला घरची वाटायला लागते. गाडी खाली टेकली की रबर पिळलेलं, आणि उभं असतानाही पिळलेलंच. सहा महिन्यांत त्याला चीर. 'हलका माल' म्हणून मी ज्यांच्या नावानं खडे फोडले, त्यातले कितीतरी बुश माझ्याच पान्यानं मेलेले असणार.

पोराला हे तोंडानं सांगून कळलं नसतं. जुना बरा राहिलेला उजवा आर्म घेतला, आतली नळी व्हाइसमध्ये पकडली आणि आर्मचं टोक त्याच्या हातात दिलं. "वर उचल. धरून ठेव." तो धरून बसला. मिनिटभरानं म्हणाला, "ओढतंय की हे परत." म्हटलं, गाडीत ते असंच ओढत बसतं, झोपल्यावरसुद्धा.

चाकं चढवून गाडी खाली घेतली. दोनदा पुढं-मागं ढकलली, बॉनेट दाबून सगळं बसू दिलं, मग खड्ड्यावर घेऊन खालून आतले बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले. बॅलन्स रॉडचे नटही तेव्हाच, आणि त्यांना नव्या कॉटर पिना. वस्ताद असते तर पुढच्या दोन चाकांमधलं अंतर सुतळी ताणून मोजून टो बसवला असता, आणि मशीनच्या दोन-तीन दशांशांत आला असता. मी गाडी अलाइनमेंटला पाठवली. नवे टाय रॉड एंड घातल्यावर त्याला पर्याय नाही.

संध्याकाळी गुरुजींना बोलावलं. गाडी त्यांनाच चालवायला दिली आणि मी मागच्या सीटवर बसलो, काचा खाली. पुईखडीच्या चढाला एक ट्रॅक्टर अडकला होता, त्याच्या मागं चार वेळा थांबून चार वेळा उठावं लागलं. ब्रेकला काही नाही. उठताना काही नाही. पाचव्यांदा गुरुजींनी गरज नसताना ब्रेक मारला. मागचा हॉर्न देत होता. त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं, मी रस्त्याकडं बघितलं.

परत आल्यावर बिलाचा विषय निघाला. मी पार्टचे पैसे लिहिले होते आणि मजुरीच्या जागी रेघ मारली होती. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "हे काय?"

"जुलैतच कळायला पाहिजे होतं, गुरुजी."

"दोन दिवस राबलाय. मजुरी लिहा," ते म्हणाले, आणि मी लिहीपर्यंत पेन हातात धरून उभे राहिले. पैसे मोजून दिले. वहीत तारीख, किलोमीटर आणि रक्कम टिपली. मग काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, "ते जुलैत काढलेले शॉकअप कुठं आहेत?"

"भंगारात गेले."

"दोन्ही?"

डाव्याला तेलाचा ओघळ होता. उजवा कोरडा होता, आणि तो काढल्यावर मी दांडा दाबून बघितला होता. जाताना आणि येताना दोन्हीकडं चांगला जोर देत होता. जोडी बदलायची म्हणून बदलला, हे खरं. तेव्हा तसं त्यांना सांगितलं नव्हतं, हेही खरं.

"दोन्ही," मी म्हटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं, वही खिशात घातली आणि गाडी सुरू केली.